किनाऱ्याकडं येतोय

समुद्रात पडलेली वस्तू वारा आणि प्रवाह कुठं नेतील, हे आधी सांगायची माझी नोकरी. आमच्या दुष्काळी आष्टीकडं याचं हसू व्हायचं. चुलतभाऊ म्हणायचा, "हितं हंडाभर पाण्याला टँकरची वाट बघायची, आन् ही बाय समुद्राचं पाणी हाकती." मग तोच मेंढरं सोडून मालवाहू बोटीवर कामाला गेला, आणि पावसाळा सरता सरता कोकणासमोर बोटीवरून पडला.

ऑफिसनं मला त्या शोधातून काढलं. घरचा माणूस आहे, तू घरी जा म्हणाले. बरोबरच होतं, तरी राग आला. मी काकूच्या, त्याच्या आईच्या, अंगणात येऊन बसले. सहकारी रोज फोनवर नकाशा पाठवायचा. भाऊ जिथं असू शकेल तिथं ठिपक्यांचा पुंजका, रोज थोडा थोडा जमिनीकडं सरकलेला.

"कुठवर आला?" काकू विचारायची.

"किनाऱ्याकडं येतोय."

आमच्या कामात असंच बोलतात. पिंप येतं, फुटकी होडी येते, तेलाचा तवंगही येतो. काकूनं मात्र गल्लीभर सांगितलं, पोरगं येतंय म्हणून. त्याचं अंथरूण उन्हात घातलं. शेजारणी माझ्या तोंडाकडं बघायच्या. आज काकूला खरं सांगायचंच, असं रोज ठरवायचे आणि जीभ रेटायची नाही. इतकी थकले होते, की त्याच्यासाठी रडायचंसुद्धा राहून गेलं होतं.

एका दुपारी काकू मेंढरं घेऊन माळावर निघाली, मीही गेले. ऊन लई होतं. मेंढरं वाऱ्याला तोंड करून चरत पुढं चालली होती.

"तिकडं वारा कुणीकडचा हाय?" तिनं विचारलं.

"पश्चिमेचा. समुद्राकडनं जमिनीकडं."

"आन् त्यो?"

"वाऱ्यासंगंच येतोय, काकू."

ती थांबली. मेंढरं पुढं गेली, तिनं हाकारलं नाही.

"जित्तं जनावर वाऱ्याला तोंड देऊन चालतंय, पोरी," ती म्हणाली. "वाऱ्यासंगं जातंय ते मेल्यालं."

ती तिथंच खाली बसली, मी तिच्याजवळ बसले. मग ती म्हणाली, "काठाला लागला की मला घिऊन चल. त्याचं तोंड मीच धुणार."