घड्याळजींचा निळा कंदील

खालच्या मजल्यावरच्या काकांना सगळे घड्याळजी म्हणायचे. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी नाव चिकटून राहिलं. एखादं जुनं गिऱ्हाईक घरी यायचं. माझंही एक घड्याळ त्यांच्याकडे दोन महिने पडून होतं. उरलेला वेळ ते एक ऑनलाइन गेम खेळायचे. मी त्याच गेमच्या कंपनीत प्रोग्रामर. नाद मीच लावला होता.

बाकीचे त्यात राक्षस मारत. घड्याळजी कारागीर झाले. खाणींतून काच, तांबं गोळा करत चौदा महिने खपून त्यांनी एक निळा कंदील घडवला. तसा दुसरा अख्ख्या गेममध्ये नव्हता. तळाशी बारीक अक्षरांत कोरलेलं: घड्याळजी.

"तिकडे दिवे लावतायत," काकू म्हणायच्या, "आणि इथला बल्ब जाऊन महिना झाला!"

एकदा एका अनोळखी खेळाडूने कंदील बघायला मागितला. यांनी सरळ देऊ केला. दुकानातली सवय: वस्तू आधी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, मग बोलायचं. त्या भामट्याने नेमकं देवघेवीच्या मध्येच नेट तोडलं. गेम गोंधळला. कंदील घड्याळजींकडे राहिला आणि त्याच्याकडेही गेला. मग तीच युक्ती तो स्वतःच्या कंदिलावर करत सुटला. आठवड्याभरात बाजारात नऊशे कंदील, प्रत्येकाच्या तळाशी घड्याळजींचं नाव. फुकट दिले तरी कोणी घेईना.

घड्याळजी जिने चढून धापा टाकत माझ्याकडे आले. "अरे, माझा खरा कुठला ते तुम्हाला कळेल ना?"

"कळणार, काका. सगळ्यात जुना ठेवून बाकीचे पुसणार आहोत. तोवर तुमचा गेममधल्या तिजोरीत टाकून ठेवा."

"बघ हं. तुझ्या भरवशावर आहे."

पुसायचा प्रोग्राम मीच लिहिला. सगळ्या कंदिलांवर क्रमांक एकच, म्हणून वय तारखेवरून ठरवलं. ती तारीख वस्तू घडवल्याची नसून शेवटची हलवल्याची होती. मी तपासलं नाही. तिजोरीत टाकल्यामुळे घड्याळजींचा कंदील सगळ्यात नवा ठरला आणि पुसला गेला. नकला काढताना देवघेव दर वेळी मध्येच तुटायची, त्यामुळे भामट्याची पहिली नक्कल जागची हललीच नव्हती. ती राहिली.

मी साहेबांकडे गेलो.

"पुरावा काय?" ते म्हणाले. "आणि एका म्हाताऱ्याच्या दिव्यासाठी परत सगळा गेम बंद ठेवू? चूक कोणाची म्हणून लिहू मग?"

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी जागेवर येऊन बसलो.

संध्याकाळी खाली गेलो. "या, कंपनीवाले," काकूंनी दार उघडलं. घड्याळजी स्टुलावर चढून बल्ब बदलत होते.

"अस्सल घड्याळजी एकच उरलाय म्हणे," ते न वळता म्हणाले. "त्या माणसाकडे. भाव चांगला येतोय. माझ्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं: आता आम्ही काही करू शकणार नाही."

"काका, माझं चुकलं."

ते खाली उतरले. कपाटातून माझं घड्याळ काढलं. चालू झालं होतं. मी पाकीट काढलं, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"नीट हातात घेऊन बघ," ते म्हणाले. "तुझंच आहे ना? नंतर आम्ही काही करू शकणार नाही."