उभे धागे वळले तेव्हा

लहानपणी तिला सगळे ढापणी म्हणत आणि तीही खुशाल ओ द्यायची. उणे अठरा नंबर. काचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या. पण रफूला बसली की चष्मा काढून ठेवायची. कापड नाकाला टेकेपर्यंत जवळ धरलं की एकेक धागा तिला लख्ख दिसे. एवढ्या जवळ दोन डोळे जुळत नाहीत. तिचा कामाचा डोळा उजवा. शिंप्याच्या दुकानामागच्या खिडकीत तीस वर्षं ती हेच करत होती. तिनं भरलेलं भोक कपड्याच्या मालकालाही सापडत नसे.

छप्पन्नाव्या वर्षी एका सकाळी तिनं शिंप्याला हाक मारली. "अहो, हे कसलं कापड? मधले धागे साप चालल्यासारखे वळलेत."

"सुतासारखं सरळ आहे की, बाई!"

तिनं कापड डाव्या डोळ्यापाशी नेलं. धागे सरळ. उजव्यापाशी आणलं. वाकडे. तिनं सुई खोचून ठेवली आणि थोरल्या भावाला फोन केला.

"बारीक कामानं डोळे घालवलेस," दादा दवाखान्यात जाताना वाटभर पुटपुटत होता. त्याचाही नंबर चौदा.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र मान हलवली. "कामाचा दोष नाही. तुमचा डोळाच लांबट आहे, मागे फुगवटा आलाय. पडदा ताणून पातळ झालाय, त्यात नको त्या रक्तवाहिन्या उगवून झिरपतायत. एवढा मोठा नंबर आणि पन्नाशी उलटलेली, म्हणजे धोका वाढतोच."

"पण नंबर दहा वर्षं जागचा हलला नाही!"

"नंबर थांबला म्हणून पडदा थांबत नाही. लवकर आलात. डोळ्यात इंजेक्शन देऊ."

"जन्मभर सुई चालवली," ती म्हणाली, "आता माझ्यावर चालणार म्हणायची!" आणि हसली.

बाहेर येताच ती दादाकडे वळली. "तूही तपासून घे."

"मला काय धाड भरलीय?"

"चौदा नंबर, वय बासष्ट. आत काय कान मिटून बसला होतास?"

तो कुरकुरत आत गेला आणि तपासून बाहेर आला. डाव्या डोळ्याचा पडदा मधोमध झिजला होता. वर्षभर त्याला अक्षरं मधेच पुसट दिसत. काचेवर डाग आहे समजून तो चष्मा पुसत राहिला होता. झिजलेलं परत येणार नव्हतं. उजवा तेवढा जपायचा होता.

तीन इंजेक्शनांनंतर तिचे धागे बरेचसे सरळ झाले. एक बारीक लाट राहिली ती राहिलीच. काळ्यावर काळा धागा वेगळा दिसेना, म्हणून काळ्या कापडाचं काम तिनं सोडलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना चौकटींचा एकेक कागद दिला होता; त्यावरची रेघ वाकडी दिसली की लगेच यायचं. रोज सकाळी एकेक डोळा झाकून तो पाहायचा आणि एकमेकांना फोनवर सांगायचं, असं तिनं ठरवलं. दादा सुरुवातीला थापाच मारायचा.

"पाहिलास? खरं सांग."

"पाहिला गं बाई, पाहिला."

चार महिन्यांनी एकदा त्यानं कागद पुन्हा डोळ्यासमोर धरला. मग हळूच म्हणाला, "उजव्यात आज एक रेघ जरा हललीय वाटतं."

"चप्पल घाल. मी निघालेच."

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याचा डोळा पाहिला आणि दुपारी पहिलं इंजेक्शन दिलं. तो डोळा वाचला. त्या दिवशी घरी परतताना दादानं बहिणीचा हात धरला तो जिना चढेपर्यंत सोडला नाही, आणि तिनंही त्याला एका शब्दानं चिडवलं नाही.