देवावरची माती

थोरल्या दिराचं नाव काढलं की कौशल्याच्या तोंडाची चव जायची. कानडी मुलखातल्या मल्लेश्वरम पेठेतल्या मराठा घरांत हंबीरराव मोठे भाविक म्हणून मिरवत. सख्खा धाकटा भाऊ मानसिंग अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता. त्याची कूस बदलायला मात्र बायकोखेरीज, म्हणजे कौशल्याखेरीज, कुणाचा हात लागत नसे.

एकोणीसशे पन्नासनंतर शहरात नवे सरकारी कारखाने निघाले आणि पुण्या-मुंबईची शिकलेली मुलं खोल्या शोधत दारोदार फिरू लागली. हंबीररावांना कौलाखालचा माळा आठवला.

माळ्याच्या जाड फळ्यांवर जुन्या लोकांनी चांगली चार बोटं माती चोपून बसवली होती. खाली चूल पेटो की वर ठिणगी पडो, आग मातीशीच थांबावी म्हणून. पण मातीमुळे डोकं कौलाला लागतं आणि शहरी भाडेकरूला सारवलेली जमीन चालत नाही, म्हणून हंबीररावांनी ती खरवडून काढली. जाड फळ्या विकल्या, जागी खोक्यांच्या पातळ पट्ट्या ठोकल्या. फटींतून कचरा गळू लागला तेव्हा खालून गोणपाट ताणलं, त्यावर चुना मारला. झालं छत. देवघरावरच्या भागाला तेवढा त्यांनी हात लावला नाही. देवाच्या डोक्यावरून माणसाने चालायचं नाही, ही घरची रीत. तिथली माती तशीच राहिली.

मानसिंगची खाट गोणपाटाखाली आली. पट्ट्यांच्या आणि गोणपाटाच्या मधे उंदरांनी संसार थाटला. मुताचे पिवळे डाग चुन्यातून फुटले, लेंड्या उशीवर पडू लागल्या. वर विद्याधर नावाचा तरुण इंजिनिअर स्टोव्हवर स्वयंपाक करी आणि सांडलेलं रॉकेल खाली पाझरे. तिने दिराला आगीचं सांगून पाहिलं. मुलगा शिकलेला आहे, राहतं घर कोण जाळील, असं म्हणून ते पूजेला बसले.

एका रविवारी दुपारी स्टोव्ह भडकून कलंडला. पेटतं रॉकेल फटींतून उतरलं आणि गोणपाटाचे जळते तुकडे खाटेवर पडू लागले. विद्याधर जिन्यावरून पळाला. कौशल्याने नवऱ्याला गादीसकट ओढून पडवीत आणलं, तोवर त्याची दोन्ही पावलं भाजली होती. शेजाऱ्यांनी विहिरीच्या पाण्याने आग विझवली.

देवघरात काहीच झालं नव्हतं. देवावरची फुलंसुद्धा कोमेजली नव्हती.

हंबीररावांनी गल्लीभर चमत्कार सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका नारळ घेऊन येऊ लागल्या आणि हे गृहस्थ तीर्थ वाटू लागले. पडवीत मानसिंग कण्हत होता. येणारे त्याला वळसा घालून आत जात. ते पाहून कौशल्याला शिसारी आली. त्यातच हंबीरराव तिला आपल्या कानडीमिश्र बोलीत हळूच म्हणाले, "सरी, ठीक आहे, झालं ते झालं. स्वल्प, थोडंसं नवं गोणपाट मारू, पट्ट्या बदलू. विद्याधर पुन्हा यायला तयार आहे. मानसिंगची खाट आत घे."

ती सरळ देवघरात गेली, एकेक देव उचलून टोपलीत ठेवला आणि जळक्या खोलीत, खाटेच्या जागी पाट मांडून त्यावर सगळे देव बसवले. मग दोन शेजारणींना हाताशी घेऊन मानसिंगला गादीसकट देवघरात नेलं.

हंबीरराव तीर्थाचं भांडं घेऊन तसेच उभे राहिले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

"देवावर माती होती म्हणून देव वाचले, अण्णा. यांच्यावर गोणपाट होतं." कौशल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाली. "आता देव त्या जळक्या खोलीत आहेत. देवांच्या डोक्यावर कुणाला राहायला ठेवायचं ते तुम्ही ठरवा."

नारळ घेऊन आलेल्या बायका हंबीररावांकडे बघत राहिल्या. देव परत हलवा म्हणावं तर आजारी भावाला उचलून बाहेर काढावं लागणार, तेही सगळ्यांच्या देखत.

संध्याकाळी त्यांनी माळ्याचा जिना काढवला. भावाची पावलं बघायला ते तेव्हाही आले नाहीत.