दुसरा फुगवटा

माझ्या थोरल्या नणंदेला शाळेतल्या मुली पाठीमागे ‘भरतीबाई’ म्हणत. वन्संना ते ठाऊक होतं. “ओहोटीबाई म्हणत नाहीत, हेच उपकार,” असं त्या म्हणायच्या. लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहिल्या आणि बंदराजवळच्या मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. तसं पाहिलं तर त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं एकच काय ते घडलं, आणि तेही पाठ्यपुस्तकाच्या एका पानावरून.

त्या पानावर समुद्राच्या भरतीचं चित्र होतं. मधे पृथ्वी, एका अंगाला चंद्र, आणि पृथ्वीभोवतीचं पाणी दोन बाजूंनी फुगलेलं. चंद्राकडच्या फुगवट्याखाली लिहिलं होतं, ‘चंद्राच्या ओढीमुळे’. ते ठीकच होतं. पण उलट बाजूचं पाणी का फुगावं? पुस्तकाचं उत्तर असं, की पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तिकडचं पाणी बाहेर फेकलं जातं.

“फिरण्यानं फेकलं जायचं तर सगळीकडे सारखंच फेकलं जाईल,” वन्सं कुकरच्या शिट्या मोजता मोजता मला सांगायच्या. “चंद्राच्या बरोबर पाठीमागेच का? पाण्याचं काय चंद्राशी वाकडं आहे?”

तो धडा आला की त्या वर्ग व्हरांड्यात काढत. भिंतीवर खडूचा चंद्र. त्याच्यासमोर एकीमागे एक अशा तीन मुली. पुढची म्हणजे चंद्राजवळचं पाणी, मधली पृथ्वी, मागची पलीकडचं पाणी. चंद्र जवळच्याला जास्त ओढतो, लांबच्याला कमी. म्हणून पुढचीनं भरभर चालायचं, मधलीनं बेतानं, मागचीनं रमतगमत. चार पावलांत तिघी लांब लांब होत.

“मधले, तुला काय दिसतं?”

“बाई, ही पुढे गेली आणि ती मागेच राहिली.”

“झालं! हेच दोन फुगवटे. एक पाणी पुढे गेलं, एक मागे राहिलं. किती ओढलं याला महत्त्व नाही गं, इथे आणि तिथे ओढीत किती फरक, त्याला आहे. सूर्य चंद्रापेक्षा कितीतरी जास्त ओढतो. पण तो इतका लांब, की पृथ्वीचं हे टोक काय नि ते टोक काय, त्याला सारखंच. म्हणून भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत आले की मात्र जोर एकत्र लागतो, आणि उधाण येतं.”

पाठ्यपुस्तक मंडळाला त्यांनी पत्रं लिहिली. ‘पुढील आवृत्तीच्या वेळी विचार करू’ असं उत्तर आलं. पुढची आवृत्ती निघाली. समुद्र पहिल्यापेक्षा जास्त निळा छापला होता. बाकी सगळं तेच.

आमची लेक त्यांच्याच वर्गात होती. घरातही आत्याच्या मागे मागे. जहाजांची इंजिनं बनवणार, असं लहानपणापासून म्हणायची, आणि बंदरावरच्या तंत्रविद्यालयात जायचं तिनं पक्कं ठरवलं होतं. शालान्त परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. बाकीच्या मुलींनी दोन उत्तरं पाठ केली होती, एक बाईंसाठी आणि एक परीक्षेसाठी. आमचीला एकच येत होतं, कारण तिला ते कळलं होतं. तिनं ते आकृतीसकट लिहिलं. भोपळा मिळाला. तंत्रविद्यालयाची जागा तेवढ्याच गुणांनी हुकली. फेरतपासणीचा अर्ज केला, तर ‘उत्तर पाठ्यपुस्तकास धरून नाही’ एवढाच शेरा परत आला.

माझ्या यजमानांनी त्या दिवशी बहिणीला बाहेरच्या खोलीत बोलावलं.

“ताई, तुझं खरं तुझ्यापाशी ठेवायचं होतंस. माझ्या पोरीवर कशाला प्रयोग?”

“अरे, उत्तर बरोबर आहे.”

“बरोबर आहे ना? मग ते घेऊन जा आणि मिळव तिला जागा.”

वन्सं उठून मागच्या खोलीत गेल्या. त्यानंतर भाऊ-बहीण एका घरात राहिले, पण बोलणं कामापुरतं. बिल आलं, पाणी गेलं, दार लाव. इतकंच.

शाळेतही मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. दोन-चार पालक आधीच येऊन ओरडून गेले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, “तुम्हाला समुद्राला काय सांगायचं ते सांगा. मुलींना पुस्तकातलं सांगा. नाहीतर पुढच्या वर्षीपासून शिवणाचा तास घ्या.”

विज्ञानाचा तास गेला असता तर वन्संकडे उरलं काय असतं? मागची खोली आणि भावाच्या घरचं जेवण. मी त्यांना दोष देत नाही. दोष दिला तो लेकीनं.

ती तोवर नाइलाजानं वाणिज्य शाखेला गेली होती. दाखला आणायला म्हणून एक दिवस जुन्या शाळेत गेली, तर विज्ञानाच्या वर्गातून आत्याचा आवाज. “पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे...” आणि मागून सगळ्या मुली एका सुरात, “...त्यामुळे!” व्हरांड्यातली भिंत नुकतीच रंगवली होती. खडूचा चंद्र गेला होता.

संध्याकाळी ती मागच्या खोलीत गेली. मी चहा घेऊन दारात होते.

“आत्या, आज तू काय शिकवत होतीस?”

“पुस्तकातलं.” वन्संनी वह्यांवरून मान वर केली नाही. “तुझ्यासारखं आणखी कुणाचं व्हायला नको म्हणून.”

“माझं काय झालं?”

“पोरी, तुझी जागा गेली माझ्यापायी.”

“जागा गेली त्याचं मी तुला कधी काही बोलले? मी खरं लिहिलं म्हणून ती गेली, एवढं तरी माझ्याजवळ होतं. आता तूच ते सोडून खोटं शिकवतेस. मग माझी जागा कशासाठी गेली, सांग ना?”

वन्संनी लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. लेक चहाला न थांबता गेली. चहा मी परत पातेल्यात ओतला.

पुढे ती जहाजांच्या एका कचेरीत लागली. खिडकीशी बसून आलेल्या मालाच्या पावत्या फाडते. जहाजं तिला तिथून दिसतात. आत्याच्या वर्गाचा निकाल मात्र त्यानंतर कधी घसरला नाही. त्या प्रश्नात सगळ्यांना पैकीच्या पैकी.

निवृत्तीच्या दिवशी मुलींनी वन्संना भेट दिली. काचेच्या चौकटीत बसवलेलं भरतकाम, तेही भरतीचंच चित्र. मधे पृथ्वी, पिवळ्या रेशमाचा चंद्र, दोन बाजूंना निळं पाणी, आणि खाली पुस्तकातलं ते वाक्य अक्षरन् अक्षर. मोठ्या बाई म्हणाल्या, “बाईंचा लाडका धडा!” सगळ्या मुलींनी वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. वन्संनी हात जोडले. दुसरं काय करणार होत्या?

घरी आल्यावर यजमान हातोडी आणि खिळा घेऊन आपणहून मागच्या खोलीत गेले. त्या खोलीत त्यांनी कितीतरी वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

“छान आहे,” ते म्हणाले. “कुठे लावू?”

“पलंगासमोर,” वन्सं म्हणाल्या. “तिरकं नको लावूस.”

लेक कामावरून आली. पर्स खांद्यावरच ठेवून चौकटीसमोर उभी राहिली आणि खालचं वाक्य शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. तिनं काचेवर बोट टेकवलं, अगदी दुसऱ्या फुगवट्यावर.

“टाके सुबक आहेत, आत्या.”

“हो गं,” वन्सं म्हणाल्या. “एकही चुकलेला नाही.”