पात कोण पुरी करतं?

दर मंगळवारी मी कोळवण खोऱ्यातल्या एका गावच्या समाजमंदिरात बसते आणि लोकांच्या कंबरा तपासते. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याजवळ दहा प्रश्नांचा एक छापील कागद असतो. कंबरदुखीमुळे माणसाचं रोजचं जगणं किती अडतं, ते त्यावरून मोजायचं. गुण जितके जास्त, तितकी कंबर वाईट. या कागदाचा मला फार अभिमान होता. पेशंट मोकळेपणाने बोलायला लागला, की त्याला मध्येच तोडून मी पुढच्या प्रश्नावर न्यायची.

गेल्या चैत्रात पन्नाशीच्या दोन जावा आल्या. दुखत होतं थोरलीचं. धाकटी नुसती सोबतीला.

"खुर्चीवर तासभर बसता येतं का, मावशी?"

"खुर्चीवर पावनं बसत्यात. आमी कशाला बसतोय?"

"बरं, चालता येतं?"

"न चालून कसं भागंल?"

"जड उचलता?"

"उचलतीया की."

शंभरात आठ गुण भरले. "तुम्हाला विशेष काही नाही," मी खुशीत जाहीर केलं. थोरली मान हलवून उठली. उठताना आधी गुडघ्यांवर हात, मग टेबलाची कड, मग भिंत. मी ते पाहिलं आणि तरीही कागदावरच विश्वास ठेवला. आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

धाकटी मात्र जागची हलली नाही. "इशेष न्हाई? दोन वर्सं हिची पात मी पुरी करतीया!"

"गप की गं," थोरली म्हणाली.

पात म्हणजे भातलावणीत एकेकीच्या वाट्याला येणारा खाचराचा पट्टा. बायका ओळीने वाकून, मागे मागे सरकत रोपं लावतात. जी रेंगाळते, तिच्या पट्ट्यात शेजारीण चार रोपं खोचते. इथे अजून काही घरं इर्जिकीने लावणी करतात. आज सगळ्या माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. थोरलीने यंदा इर्जिकीत जायचंच नाही असं ठरवलं होतं.

"माज्याच्यानं व्हत न्हाई. दुसऱ्यांस्नी माज्यापायी कशाला वडायचं?" बोलताना तिचे डोळे भरून आले. होत नाही, हे तिने पहिल्यांदाच कबूल केलं होतं, आणि तेही माझ्या दहापैकी एकाही प्रश्नाला नव्हे.

मी कागद उलटा केला आणि मागे पेनाने अकरावा प्रश्न लिहिला: पात कोण पुरी करतं? मग धाकटीला शेजारी बसवून सगळं पहिल्यापासून विचारलं. थोरली "व्हतंय की" म्हणाली, की धाकटी खोकायची. या वेळी बेचाळीस गुण भरले.

लावणीला तीन महिने होते. गोधडीवर झोपून करायचे व्यायाम मी शिकवले, पाठ न मोडता खुब्यातून कसं वाकायचं तेही दाखवलं. ती निम्मेच करायची आणि सगळे केले म्हणून सांगायची. मी चिडले, की दुसऱ्या मंगळवारी पळसाच्या पानात करवंदं घेऊन हजर. अशा बाईवर किती वेळ रागावणार? इर्जिकीत जा, असं मी म्हटलं नव्हतं. आषाढात ती आपणहून गेली.

मी बांधावर उभी होते. ओळीत सहा जणी. थोरली हळूहळू मागे पडत चालली. दोनदा सरळ उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून, मी सांगितलं होतं तशी. धाकटीचा हात सवयीने तिच्या पट्ट्याकडे वळला, तो तिने कोपराने बाजूला सारला. बाकीच्या बांधाला लागल्या. ती सगळ्यांत शेवटी पोचली. चिखलाचे हात तसेच धरून माझ्याकडे वळली.

"म्याडम, कागद आणलाय न्हवं?"

"आणलाय."

"मग लिवा. माजी मीच."