पाठीमागची अक्का

माझ्या फिल्ममधल्या अक्काला डोकं नव्हतं. म्हणजे असणार कुठेतरी, पण चौकटीच्या वर, बाहेर. दिसायची ती गळ्याखालीच: खोचलेली ओढणी, वर उचललेली कोपरं आणि हातात माझे केस. पुढे मी, शाळेच्या गणवेशात, तोंड वेंगाडून बसलेली. माझं तोंड मात्र मी झकास काढलं होतं.

कॉलेजात आम्हाला अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या सरांनी पेन्सिल टेस्ट पुन्हा पुन्हा चालवून बघितली. कच्ची चित्रं एकामागून एक पळवून हालचाल जमली का ते बघायचं, त्याला आम्ही पेन्सिल टेस्ट म्हणतो. मग म्हणाले, "हिचं डोकं का कापलंस?"

"स्टाइल आहे, सर."

"आणि हे हात कुणाचे?"

"माझ्या बहिणीचे."

"मला तर कुणाचेही वाटतात."

सर बोलतात इंग्रजीत, पण खोचक बोलणं कुठल्याही भाषेत खोचकच लागतं. जाताजाता त्यांनी सांगून टाकलं की पुढच्या रिव्ह्यूपर्यंत ही बाई माणूस झाली नाही तर हा शॉट काढून टाकायचा. कपाळ माझं! तो शॉट काढला तर फिल्ममध्ये उरतं काय? माझी थीसिस फिल्म म्हणजे एक सकाळ आणि दोन बहिणी. मोठी लहानीच्या वेण्या घालते. मग मोठी लग्न होऊन जाते आणि दुसऱ्या सकाळी लहानी त्याच जागी मोकळे केस घेऊन बसते. बस, एवढंच. वेणी गेली की फिल्म गेली.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई जयनगरच्या शाळेत शिकवायची आणि आमचं घर मल्लेश्वरमात, त्यामुळे आई भल्या सकाळी बस पकडायला बाहेर पडे आणि माझ्या वेण्या अक्काच्या वाट्याला येत. आरसा होता अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या खोलीत, आणि तिथे त्यांची दाढी चालू असायची. एका दाढीला माणसाला एवढा वेळ का लागतो हे मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून आम्ही दोघी बाहेर जगलीवर बसायचो. दारापुढच्या कट्ट्याला आमच्याकडे कन्नडातलं जगलीच म्हणतात. खालच्या पायरीवर मी, रस्त्याकडे तोंड करून, शाळेची व्हॅन येते का बघत. वरच्या पायरीवर अक्का, माझ्या पाठीमागे. ती कंगव्याने भांग पाडायची, ओढायची, आवळायची. "अय्यो, हलू नको गं! स्वल्प थांब!" रिबिनी दातात धरलेल्या, त्यामुळे हे सगळं दातांतूनच. वेण्या वर दुमडून रिबिनी बांधून झाल्या की भांगावर एक फू, सुटे केस उडवायला. मग पाठीत धपाटा आणि "हं, झालं. पळ!"

आणि मी पळायचे. मागे वळून बघायचं काय कारण? अक्का काय, असायचीच.

म्हणजे खरी गोष्ट अशी की स्टाइलबिइल काही नव्हतं. वेणी घालताना अक्काचा चेहरा कसा असतो हे मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. हातही नाहीत. ते हात मला डोक्याला ठाऊक होते, डोळ्यांना नाही. काढणार कुठून?

"स्केचबुकात जा," सर म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं औषध आहे. पोट दुखलं तरी हेच सांगतील. आम्हाला दर आठवड्याला स्केचबुक भरून दाखवावं लागतं, बाहेर बसून, खऱ्या माणसांकडे बघून काढलेली चित्रं. मला त्याचा भयंकर राग यायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! इकडे फिल्मची शेकडो चित्रं बाकी, आणि मी बसस्टॉपवर बसून कुणाचातरी डबा सांभाळणारा काका काढतेय. काका तरी धड बसावा? माझी पेन्सिल त्याच्या मानेपर्यंत पोचली की ह्याची बस आलीच. माझ्या स्केचबुकात अर्धी माणसंच जास्त होती.

पण शॉट वाचवायचा होता, म्हणून गेले. सकाळी सरकारी शाळेजवळ आया आपल्या मुलींच्या रिबिनी नीट करत असतात, तिथे समोर उभी राहून काढू लागले. एका बाईने माझ्याकडे असं काही बघितलं, जणू मी मूल पळवायला आलेय. "एनम्मा? काय आहे?" मी कन्नडात सांगितलं की ड्रॉइंग शिकते, वेणीचं चित्र काढते. "वेणी येत नाही काढायला? मग काय शिकवतात कॉलेजात?" असं म्हणून तिने मुलीच्या डोक्याला दोन झटके जास्तच दिले, बहुतेक माझ्यासाठी. चित्र बरं आलं. पण ते त्या बाईचं होतं.

मग मी वर्गातल्या पुण्याच्या मैत्रिणीला धरलं. तिचे केस कमरेपर्यंत, आणि आमचं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून ती रोज मला हसते, तेव्हा तिला थोडं ओढलं तर बिघडत नाही. मागे बसून वेणी घालायला घेतली. "आई गं! जनावरं हाकतेयस का?" ती ओरडली. माझ्या हातांना काहीच येत नव्हतं. येणार कसं, आयुष्यभर पुढेच बसले होते.

अक्का गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आधी बेळ्ळंदूरला, सासरी. बेळ्ळंदूर ह्याच शहरात आहे असं म्हणतात, पण तिकडच्या ट्रॅफिकमधून ती येईपर्यंत तिची निघायची वेळ व्हायची. मग मेव्हण्यांची नोकरी बदलली आणि दोघं कॅनडाला गेली. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी आईने माझ्या वेण्या घालायचा प्रयत्न केला. बस चुकायची वेळ आलेली, गुंता सुटेना, मी रडले, मग आई पण रडली. त्या रविवारी पार्लरमध्ये जाऊन माझे केस कानापर्यंत कापून आणले. सगळे म्हणाले, किती गोड दिसते. अक्का घरी आली तेव्हा मात्र माझ्या अंगावर धावलीच. "कुणाला विचारून कापलेस?" मी म्हटलं, माझे केस आहेत, तुला काय करायचंय? ती बाथरूममध्ये जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून बसली. मला वाटलं, झालं, लग्न झालं तरी हुकूम चालवायची खोड काही जात नाही. तेव्हापासून माझे केस असेच आहेत, आखूड.

शेवटी काखेत कळसा तो काखेतच बघावा म्हणून मी अक्कालाच फोन केला. तिला मुलगी आहे, माझी भाची, आणि भाचीला वेण्या आहेत. "भाचीच्या वेण्या घालताना व्हिडिओ काढून पाठव ना."

"सरी, काढते," अक्का म्हणाली, आणि पाठवला. अरे देवा! काजळ घातलेलं, चांगला कुर्ता, भाचीलाही फ्रॉक. आणि हात असे सावकाश, एकेक पेड उचलून दाखवत, पाककृती सांगतात तसे. अधूनमधून कॅमेऱ्याकडे बघून हसूसुद्धा! मी त्यावरून चित्रं काढून सरांना दाखवली. सर म्हणाले, "ही केस विंचरत नाहीये, फोटो काढून घेतेय." हे मलाही दिसत होतं. मी अक्काला म्हटलं, "अगं, नेहमीसारखी घाल ना." ती चिडली. "नेहमीसारखीच तर घातली! तुला कधी काही आवडलंय का माझं?"

रिव्ह्यू जवळ आला होता. मी शॉट काढून टाकायचं जवळजवळ ठरवलंच होतं. खरं सांगते, वाईट शॉटचं नव्हतं वाटत. अक्का मला इतकी हवी होती, इतकी वर्षं हवी होती, आणि तिचं चित्र काढायला बसले तर माझ्याकडे तिचा चेहराच नव्हता. ही कसली आठवण?

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी जेवणाच्या टेबलावर स्केचबुक घेऊन बसले होते. आठवड्याची पानं भरायची राहिली होती, म्हणून आईला काढत होते. आई अक्काशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. सांबारच्या पुडीत धने किती घालायचे यावर दोघींचा वाद चालला होता. मधेच कुकरची शिट्टी झाली, आईने फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला आणि आत गेली. तिकडे अक्कानेही तिचा फोन ओट्यावर कशालातरी टेकवला होता आणि ती विसरूनच गेली होती की आपण कॉलवर आहोत.

पडद्यावर भाची स्टुलावर बसली होती, माझ्याकडे तोंड करून, वेंगाडलेलं. मागे अक्का. माझीच चौकट होती ती, जशीच्या तशी, फक्त वर सरकवलेली. अक्काला डोकं होतं.

नाइटगाऊनवर स्वेटर, केस कसेतरी वर बांधलेले, दातात रिबीन. "हलू नको म्हटलं ना! बस जाईल!" माझा हात आपोआप चालायला लागला. मी कागदाकडे बघतही नव्हते. बसस्टॉपवरचे ते सगळे काका त्या दिवशी कामाला आले. माणूस उठून जायच्या आत काढायची सवय झाली होती. अक्काच्या कपाळाला आठी पडली होती. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. डावं कोपर उजव्यापेक्षा वर. आणि पेड ओढताना प्रत्येक वेळी तिची मान किंचित त्याच बाजूला जायची, जसं काही दुखतंय तिलाच.

वेण्या दुमडून झाल्या. रिबिनी बांधून झाल्या. मग अक्का खाली वाकली आणि तिने भाचीच्या भांगावर ओठ टेकले. अगदी पटकन. डोळे मिटून. एक श्वास सोडला, आणि लगेच पाठीत धपाटा. "हं, झालं. पळ!"

भाची पळाली. तिला काही पत्तासुद्धा नव्हता.

फू. ती फू. रोज सकाळी माझ्या भांगावर यायची ती. सुटे केस उडवतेय म्हणून मी खुशाल व्हॅनची वाट बघत बसायचे.

"अक्का," मी म्हटलं.

ती दचकली. "अय्यो, तू आहेस होय! आई कुठे गेली?"

"तू आत्ता काय केलंस?"

"काय केलं?"

"वेणी झाल्यावर. तिच्या डोक्यावर."

"काही नाही गं." ती ओट्यावर गाडीची चावी शोधत होती. "सवय आहे."

"कधीपासूनची?"

"कधीपासूनची म्हणजे काय? तुझ्यापासूनची." तिला चावी सापडली. "चल, ठेवते, बस चुकली वाटतं हिची." आणि फोन बंद झाला.

आई कुकर उतरवून आली तेव्हा मी ढसाढसा रडत होते. "काय झालं गं?" मी म्हटलं, पेन्सिल मोडली. आई बिचारी दुसरी पेन्सिल शोधायला गेली.

तो शॉट मी सगळाच्या सगळा नव्याने काढला. चौकट वर सरकवली. त्या पानावरच्या वेड्यावाकड्या रेघा समोर लावून ठेवल्या आणि त्यातून अक्का काढली, आताची नव्हे, तेव्हाची, तेवीस वर्षांची, ओढणी खोचलेली. शेवटी ती वाकते, ओठ टेकते, डोळे मिटते. पुढे बसलेली मी रस्त्याकडेच बघत राहते. ते मी तसंच ठेवलं. सरांनी टेस्ट बघितली. पुन्हा चालवली. मग म्हणाले, "ठीक आहे. ह्याला हात लावू नकोस आता." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

टेस्ट मी अक्काला पाठवली. बघितल्याची खूण आली, उत्तर नाही. दिवस गेला. मी दहादा फोन उघडून बघितला. मग एक मेसेज आला, "नाक एवढं मोठं नाहीये माझं." मला हसू आलं. उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात दुसरा आला.

"केस वाढव."

एवढंच. कधी येणार, तिकीट काढलं का, काही नाही. मीही विचारलं नाही. दर वर्षी विचारते आणि दर वर्षी ती 'बघू' म्हणते. पार्लरवाली मध्ये रस्त्यात भेटली, म्हणाली किती वाढलेत, ये ना कापायला. मी म्हटलं, नको. आता मानेपर्यंत आलेत आणि चित्र काढायला वाकलं की डोळ्यांवर येतात.