शनिवारचं जेवण

लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळाच्या दिवसांत आम्ही एकाच कचेरीत होतो. मी कारकून, तो रोजंदारीवरचा शिपाई. दुपारी स्टँडमागच्या खानावळीत जेवायचो. तिथं पोट भरेपर्यंत वाढत. एरवी तो दोन भाकरींत उठायचा, शनिवारी मात्र अधाशासारखा खायचा. वाढपी टोमणा मारायचा, "पोट हाय का कणगी?" हा मान वर न करता म्हणायचा, "वाढ की. मी बस म्हणलं का?" मला त्याच्या शेजारी बसायची लाज वाटायची.

दर शनिवारी तो चाकूरजवळच्या आपल्या गावी जायचा; एका शनिवारी मलाही घेऊन गेला. घरची गरम भाकरी मिळणार म्हणून मी दुपारी जेवलोच नव्हतो. दिवेलागणीला त्याच्या बायकोनं आम्हा दोघांची ताटं मांडली. टोपल्यात भाकरी मोजक्याच होत्या आणि चुलीपाशी लेकरं गप्प बसून होती.

त्यानं ताटावर हात आडवा धरला. "मला नको. लातूरला लई जेवलो. इचार साहेबांना."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"खरंय, वहिनी," मी म्हणालो आणि माझ्याही ताटावर हात आडवा धरला.